क्याई उदान-अरुम यांचा विमानप्रवास

पा सास्त्रो, म्हणजे सास्त्रोराव, यांनी आमच्या सोलो शहरातल्या वॉर्ड कचेरीत एकतीस वर्षं शिक्के मारले, आणि एवढ्या काळात खिडकीसमोर आलेल्या एकाही माणसाला 'नाही' म्हटलं नाही. आता याचा अर्थ लोकांची कामं झाली, असा कुणी घेऊ नये. 'बघू' म्हटलं की काम होणार नाही, 'हो' म्हटलं की बोलणं नुसतं ऐकू आलं, आणि चहा मागवला की साहेब रजेवर आहेत, एवढं आमच्याकडे कुणालाही कळतं. सरळ बोलणं आमच्या गल्लीत उघड्या अंगाने हिंडण्यासारखं समजतात. जे सांगायचं ते सोडून बाकी सगळं बोलायचं आणि ऐकणाऱ्याने उरलेलं उचलायचं, अशी रीत आहे.

या उचलण्यात पा सास्त्रोंचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा शेजारचे पा रुस्दी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "तुमचा कोंबडा हल्ली फार लवकर उठतो हो. तब्येत बरी आहे ना त्याची?" त्याच दुपारी सास्त्रोंनी कोंबडा कापला आणि अर्धा रस्सा रुस्दींकडे पाठवला. रुस्दींना खरोखरच कोंबड्याच्या तब्येतीची काळजी वाटली होती, असं ते पुढे कैक वर्षं लोकांना सांगत. पण रस्सा त्यांनी परत केला नाही.

तर अशा या गृहस्थांना एका रविवारी हॉलंडहून मुलीचा फोन आला. सेकार, एकुलती एक, सहा वर्षांपूर्वी तिकडच्या एका संगीतशाळेत शिकवायला गेलेली. एरवी फोनमध्ये तिचा चेहरा दिसे. त्या दिवशी कॅमेरा बिघडला होता म्हणे.

"बापा, आजोबांचा रबाब अजून त्याच भिंतीवर आहे?"

"आहे की. जाईल कुठे?"

"बरं वाटलं. इथे थंडी फार आहे, बापा."

"स्वेटर घाल."

"घालते. डोळे मिटले ना, की तो रबाबच ऐकू येतो. आपल्या पुढच्या खोलीतला."

सास्त्रोंनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि बायकोला, म्हणजे बु लास्मींना, जाहीर केलं, "तिला रबाब हवाय."

बु लास्मी सोयाबीनच्या टेम्पेचे काप तळत होत्या. त्यांनी झारा खाली ठेवला. "तसं कुठे म्हणाली ती?"

"म्हणाली नाही, म्हणूनच तर!"

"मग एकदा विचारा की तिला सरळ."

"पोटच्या पोरीला सरळ विचारू? आपण काय बाजारात मासळी विकायला बसलोय?"

हा गजाने वाजवायचा दोन तारांचा रबाब म्हणजे साधं वाद्य नव्हे. सास्त्रोंचे वडील राजवाड्याच्या वादकांत होते आणि रबाब त्यांच्याही आजोबांचा. त्याला नाव होतं, उदान-अरुम, म्हणजे सुगंधी पाऊस, आणि नावाच्या पुढे क्याई ही पदवी होती, जी आमच्याकडे माणसांतसुद्धा फार थोड्यांना मिळते. लांब बारीक मान, फणसाच्या लाकडाचं पोट, त्यावर म्हशीच्या मूत्राशयाची झिल्ली, कांद्याच्या सालीइतकी पातळ. त्याला ओलांडून जायचं नाही, त्याच्यासमोर पाय पसरायचे नाहीत. सास्त्रोंच्या लहानपणी वडिलांनी तीन वर्षं त्यांच्या हातात गज देऊन पाहिला आणि चौथ्या वर्षी काही न बोलता परत घेतला. पुढे नात झाली आणि तिच्या हातात म्हाताऱ्याचा तोच रबाब बोलायला लागला. "वाजवला नाही तर मरतो हा," एवढं सांगून म्हातारा गेला. सेकार परदेशी गेल्यापासून सहा वर्षं तो भिंतीवर मखमली झबलं घालून गप्प होता.

रबाब गेला की पोरगी कायमची तिकडची झाली, हे सास्त्रोंना कळत होतं. तो इथे आहे तोवर तिला इथे काहीतरी आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातलेली होती. पण पोरीने शब्द टाकला, म्हणजे टाकला नाही, म्हणजे तोच टाकला. द्यायला हवं होतं.

विमानाने वाद्य पाठवायचं म्हटल्यावर गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. पा रुस्दी हजला जाऊन आलेले, म्हणजे जन्मात दोनदा विमानात बसलेले, त्यामुळे विमानविद्येतला शेवटचा शब्द त्यांचा. "वर हवा पातळ असते," ते म्हणाले. "माझे कान फुटायची वेळ आली होती. मग त्या झिल्लीचं काय होईल? सावरीच्या कापसात गुंडाळा." तारा सैल करा असं एकाने सांगितलं, दुसऱ्याने तारा ताठच ठेवा नाहीतर मान वाकेल म्हणून सांगितलं. सास्त्रोंनी दोघांनाही 'हो' म्हटलं आणि एक तार सैल करून दुसरी ताठ ठेवली. बु लास्मींनी कपाळाला हात लावला.

कार्गोच्या कचेरीतल्या मुलीने रबाबाकडे न बघता सास्त्रोंनी लिहून दिलेल्या वर्णनाकडे बघून दोन अटी सांगितल्या. वाद्याच्या दोन्ही खुंट्या हस्तिदंती आहेत, विमानात हत्तीचं काही चालत नाही, तर त्या काढून लाकडी बसवा. आणि ही वस्तू पुरातन नाही, असं वारसा कचेरीचं पत्र आणा.

"पण ती पुरातनच आहे," सास्त्रो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते काहीतरी सरळ बोलले होते आणि लगेच त्याचं फळ मिळालं.

"मग ती देशाबाहेर जाऊ शकत नाही," मुलगी म्हणाली. "पुढचे."

एकतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूने 'पुढचे' ऐकणं किती लागतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तेही चहा न मागवता!

खुंट्यांचं जमलं. रबाबाच्या खुंट्यांना आमच्याकडे कानच म्हणतात. कातकाम करणाऱ्याने चिकूच्या लाकडाचे नवे कान करून दिले, आणि जुने हस्तिदंती कान बु लास्मींनी रुमालात बांधून कपाटात ठेवले. पेटीचं काम सास्त्रोंनी गल्लीतल्याच पा जिमान सुतारांना दिलं. जिमान हा सज्जन आणि कसबी माणूस, फक्त गेली वीस वर्षं त्याने शवपेट्यांशिवाय काही केलेलं नव्हतं. हात वळणावर गेलेला असतो. चार दिवसांनी तो जी पेटी खांद्यावर घेऊन भर सकाळी गल्लीतून आला, ती लांबीला चार फूट होती, पायाशी निमुळती, आतून पांढरं सॅटिन आणि झाकणावर एक छोटी नक्षी.

दहा वाजता पहिल्या बायका तांदळाची घमेली घेऊन आल्या.

कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे दुःखाच्या घरात विचारत नाहीत. त्या आत जाऊन बु लास्मींचा हात धरून बसल्या. मग पुरुष आले, काळी टोपी घालून, आणि दुःखाच्या घरी द्यायच्या पैशांची पाकिटं ठेवण्यासाठी कुठे डबा दिसतो का ते पाहू लागले. पेटीच्या मापाकडे बघून म्हातारे डोळे टिपत होते. 'कुणी गेलेलं नाही हो' असं सास्त्रोंनी म्हणायला हवं होतं, हे मान्य. पण मग एवढी माणसं लाजली असती. ते दाराशी हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "आलात, बरं वाटलं."

"देवाची मर्जी," पा रुस्दी घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्यांना तर पेटी कशाची ते पक्कं माहीत होतं. पण सगळे रडतायत म्हटल्यावर आपणच कोरडे कसे राहणार?

"हो," सास्त्रो म्हणाले.

"आपल्या हातात काय असतं?"

"काही नसतं."

दोन तास हे चाललं. बु लास्मींनी साठ माणसांना गोड चहा पाजला. शेवटचा माणूस गेल्यावर त्या तांदळाच्या ढिगापाशी मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "अपशकुन केलात. जिवंत वाद्याचं सुतक पाळलंत." सास्त्रोंनी पहिल्यांदाच त्या पेटीकडे नीट पाहिलं आणि त्यांनाही कसंसंच झालं.

राहिलं पत्र. वारसा कचेरीत वस्तू तपासणारे अधिकारी निघाले पा प्रायित्नो, म्हणजे ज्यांनी लहानपणी सास्त्रोंच्या वडिलांच्या पायाशी बसून रबाबाचे धडे घेतले होते तेच. निवृत्तीला तीन महिने राहिलेले. त्यांनी झबलं काढलं, आणि रबाब दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला.

"गुरुजींचा," ते म्हणाले. लहानपणापासून ते सास्त्रोंना मास, म्हणजे दादा, म्हणत. "मास सास्त्रो, याचं वय मला विचारू नका."

"नाही विचारत," सास्त्रो म्हणाले. "हॉलंडात यंदा थंडी फार आहे म्हणे. सेकार एकटीच असते."

प्रायित्नो खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी चहा मागवला. साहेब तर ते स्वतःच होते आणि समोरच बसले होते, तेव्हा या चहाचा अर्थ काय लावावा हे सास्त्रोंनाही सुचेना. कप रिकामे झाल्यावर प्रायित्नोंनी टाइप करायला घेतलं, आणि टाइप केलेलं हळू आवाजात वाचून दाखवलं, कारण अर्जदाराला वाचून दाखवावं असा नियम होता. "सदर वस्तू अलीकडील बनावटीची, सामान्य हस्तकलेची असून तिला ऐतिहासिक, कलात्मक किंवा अन्य कोणतेही मूल्य नाही."

"कोणतेही?" सास्त्रोंनी विचारलं.

"मसुदा ठरलेला आहे, मास. मधलं काही गाळता येत नाही."

त्याखाली चार शिक्के पडले. स्वतः आयुष्यभर शिक्के मारलेल्या सास्त्रोंना ते नेमके किती जोरात पडले ते ऐकू आलं. खाली 'अर्जदारास मान्य' असा रकाना होता. तिथे त्यांनी सही केली. बापाच्या रबाबाला किंमत नाही हे बापाच्याच शिष्याने लिहिलं आणि मुलाने मान्य केलं, आणि दोघेही एकमेकांचे आभार मानून उठले. घरी येताना सास्त्रोंनी पत्र शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. गल्लीत कुणाला दिसू नये म्हणून.

निघायच्या दिवशी ऐंशीच्या पुढे गेलेल्या गल्लीच्या आजी म्बाह केर्तो काठी टेकत आल्या. "क्याईंना उपाशी पाठवतोस होय रे?" म्हणाल्या, आणि मखमली झबल्याखाली स्वतःच्या हाताने मूठभर गुलाबाच्या पाकळ्या, मोगऱ्याची फुलं आणि चिमूटभर तांदूळ सारले. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या क्याईंना नैवेद्य नाही दाखवायचा तर कुणाला दाखवायचा? सास्त्रो 'हो' म्हणाले. कार्गोच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, पेटीत फुलं, बिया, धान्य आहे काय. सास्त्रोंनी तिथे आडवी रेघ मारली. आडवी रेघ म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे, कचेरीत तिने त्यांना एकतीस वर्षं सांभाळलं होतं. पेटीवर चारी बाजूंनी 'नाजूक' आणि 'ही बाजू वर' अशा चिठ्ठ्या डकवल्या गेल्या. मग काचेपलीकडे दोन हमालांनी ती उचलली आणि 'ही बाजू वर' खाली करून पट्ट्यावर टाकली. सास्त्रोंनी काचेवर टकटक केली. आतल्या माणसाने हसून हात हलवला, आणि सास्त्रोंनीही सवयीने हसून हात हलवला.

सेकारला त्यांनी कळवलं नाही. तिने मागितलं नव्हतं, मग यांनी दिलं कसं सांगायचं? पेटी दारात बघून तिचा चेहरा कसा होईल, एवढाच विचार करत ते नऊ दिवस खुशीत होते.

दहाव्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. दोन मोठ्या बॅगा उतरल्या आणि पाठोपाठ सेकार उतरली. वाळलेली, डोळ्यांखाली काळं. ती बापाच्या पाया पडायला वाकली, आणि सहा वर्षांनी घरी आलेल्या पोरीला सास्त्रो जे पहिलं वाक्य बोलले ते असं:

"अगं, तू इथे? मग तिकडे सही कोण करणार?"

सेकारने मान वर केली. तिची नजर भिंतीकडे गेली. तिथे एक खिळा होता आणि खिळ्याभोवती रंग न उडालेला रबाबाच्या आकाराचा पट्टा.

"रबाब कुठे आहे?"

"तुझ्याकडे," सास्त्रो म्हणाले.

मग बु लास्मींनी दोघांना खाली बसवलं आणि एकेक गोष्ट बाहेर काढली. संगीतशाळेने चार महिन्यांपूर्वीच तिला कमी केलं होतं. राहती खोली सुटत आली होती. कॅमेरा बिघडला नव्हता, तिला चेहरा दाखवायचा नव्हता.

"मी रबाब कधी मागितला?" सेकार म्हणाली. "मी रबाबाचं नाव काढलं, थंडीचं सांगितलं, आपल्या पुढच्या खोलीचं सांगितलं. आणखी काय सांगायचं असतं, बापा? मला वाटलं तुम्ही म्हणाल, ये. तुम्ही म्हणालात, स्वेटर घाल."

सास्त्रोंना वर बघवेना. अख्ख्या गल्लीच्या मनातलं ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्या पोरीचं तेवढं चुकलं.

पुढे जे व्हायचं ते रीतसर झालं. तिकडच्या विमानतळावर पेटी उघडली गेली, कारण सुकलेल्या पाकळ्या आणि तांदूळ यंत्रात दिसले आणि फॉर्मवर आडवी रेघ होती. परदेशी फुलं म्हणून पेटी अडकवली. खुलासा मागणारं पत्र सेकारच्या पत्त्यावर गेलं. त्या पत्त्यावर आता दुसरंच कुणी राहत होतं. मग पेटी 'बेवारस' या सदरात गेली आणि पाठवणाऱ्याला एक कागद आला. सेकारने तो वाचून समजावला. दोन चौकोन होते. वस्तूला मूल्य आहे, असं म्हणायचं असेल तर पहिल्यात खूण करा, वयाचे पुरावे जोडा, वस्तू परत पाठवली जाईल, आणि मूल्य नसल्याचा दाखला ज्या कचेरीने दिला तिच्याकडे एक प्रत चौकशीसाठी जाईल. मूल्य नसेल तर दुसऱ्यात खूण करा, वस्तू नष्ट केली जाईल, खर्च पडणार नाही.

"पहिल्यात करा," बु लास्मी म्हणाल्या. "विचार कसला करताय?"

सास्त्रोंनी पेनचं टोपण काढलंही होतं. तेवढ्यात पा प्रायित्नो आले. त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं, पण गल्लीतलं शहरात जायला किती वेळ लागतो? ते खिळ्यासमोर बसले. रबाबाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"पेन्शनचा कागद पुढच्या महिन्यात निघेल म्हणतात," ते म्हणाले. "बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन त्यावरच ठेवलंय. हल्ली जिना चढवत नाही तिला."

"हो," सास्त्रो म्हणाले.

"छान चहा आहे."

"घ्या अजून."

दोन कप घेऊन प्रायित्नो गेले. जाताना बु लास्मींनी त्यांना शेंगदाण्यांची पुडी बांधून दिली. फाटकाशी त्यांचा पाय अडखळला तेव्हा सास्त्रोंनी धावत जाऊन त्यांना धरलं.

पेन्शनचा हा इशारा मात्र सास्त्रोंना बरोबर उमगला. उमगला नसता तर फार बरं झालं असतं.

ते आत येऊन बसले. "त्याने माझ्याकडे बघून शिक्के मारले," ते सेकारला म्हणाले. "माझ्या एका वाक्यावर. आता मी 'मूल्य आहे' लिहिलं की त्याचं सगळं जातं."

"आणि आजोबांचा रबाब?"

त्यांनी कागद पुढे ओढला. दुसऱ्या चौकोनात खूण केली, खाली सही केली आणि सवयीने शिक्का शोधायला हात टेबलावर फिरवला. एकतीस वर्षं ज्याने कुणाला 'नाही' म्हटलं नाही, त्याने पहिलं 'नाही' लिहिलं ते यावर. सेकार उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

पंधरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. वस्तू नियमानुसार नष्ट केली, सहकार्याबद्दल आभार. ती कशी नष्ट केली ते लिहिलेलं नव्हतं, आणि सास्त्रोंनी विचारलं नाही. पा रुस्दी येऊन हात धरून बसले. म्बाह केर्तो आल्या. बायका तांदूळ घेऊन आल्या. या खेपेला सगळं बरोबर होतं, फक्त पेटी नव्हती.

सगळे गेल्यावर बु लास्मींनी कपाटातून रुमाल काढून सेकारच्या मांडीवर ठेवला. आत ते दोन हस्तिदंती कान होते, आजोबांच्या बोटांनी पिवळे झालेले. सेकारने एक उचलला आणि तार चढवावी तसा हवेतच हळूहळू पिळला. सास्त्रो समोर बसून बघत होते.

"सेकार," ते म्हणाले. "त्या दिवशी फोनवर मी 'ये' म्हणायला हवं होतं."

आमच्याकडे अशा वेळी मुलीने म्हणायचं असतं, असू दे बापा, तुमचं काय चुकलं, किंवा मग पावसाचं काहीतरी काढायचं असतं. सेकारने कान रुमालात परत ठेवला, गाठ मारली आणि बापाच्या डोळ्यांत बघितलं.

"हो, बापा," ती म्हणाली. "म्हणायला हवं होतं."